पडा मास्तरांची परीक्षा

आमच्या घराण्यात कुणी परीक्षेत नापास झालं, कुणाला नोकरीच्या मुलाखतीतून परत पाठवलं, की त्याला माझ्याकडे पाठवायची पद्धत आहे. पास झालेली मुलं थोरल्या भावाच्या पाया पडायला जातात, कारण तो इंजिनिअर आहे. उरलेली माझ्याकडे येतात. परवाच पुतणीचा मुलगा आला होता. शाळेच्या खो-खोच्या संघातून त्याचं नाव गाळलं म्हणून दोन दिवस जेवला नव्हता. त्याला समोर बसवलं, पोह्यांची बशी हातात दिली आणि माझी नेहमीची गोष्ट सुरू केली. तो पोहे संपेपर्यंत ऐकत होता, म्हणजे गोष्ट वाईट नसावी. बायकोचं म्हणणं, पोहे चांगले होते.

गोष्ट आमच्या ड्रिलच्या सरांची. रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात नवंनवं हायस्कूल निघालं होतं. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. सर मूळचे पिंपळनेरच्या बाजूचे, म्हणजे खानदेशच्या पार दुसऱ्या टोकाचे. त्यांची अहिराणी ऐकून आम्ही केळीच्या पट्ट्यातली पोरं हसायचो, आणि आमची बोली ऐकून ते हसायचे. असं दोन्हीकडून समान हसू असल्यामुळे जमून गेलं.

दिसायला सर ड्रिल मास्तर वाटायचेच नाहीत. किडकिडीत, डावा खांदा थोडा उतरलेला, खाकी अर्धी चड्डी गुडघ्याच्या बरीच खाली. शर्टाच्या खिशात आयोडिनची बाटली. तिचं बूच कधीच घट्ट बसायचं नाही, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाला छातीवर एक तपकिरी डाग. आम्हाला बरेच दिवस वाटायचं, हा सरकारी बिल्ला आहे.

ते सगळ्यांना भाऊ म्हणत. पाचवीतल्या पोराला भाऊ, हेडमास्तरांना भाऊ, पोस्टमनला भाऊ. मुलींना आणि बायांना अक्का. एकदा रस्त्यात आडवी बसलेली म्हैस पाहून ते म्हणाले, "अक्का, जरा बाजूला होता का?" आणि म्हैस उठेपर्यंत खरंच थांबून राहिले. आम्ही मागे उभे राहून पोट धरून हसत होतो. सर वळून म्हणाले, "हसा रे भाऊ. पण उठली ना?"

शाळेत आल्यावर पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला काही खेळायला दिलं नाही. फक्त पडायला शिकवलं. काळ्या मातीचं ते मैदान, उन्हाळ्यात तडे गेलेलं. तिथे आम्हाला ओळीनं उभं करायचे आणि म्हणायचे, "पडा." आम्ही पडायचो. "तसं नाही भाऊ. हात पुढे टाकलास की मनगट गेलं. खांदा दे. गोल हो. लोळ. आणि लोळता लोळताच उभा राहा. पडणं आणि उठणं ही दोन कामं नाहीत, एकच आहे." मग स्वतः पडून दाखवायचे. चाळिशीतला माणूस अर्ध्या चड्डीत मातीत लोळतोय आणि लोळता लोळताच उभा राहतोय, हे पाहायला गावातली माणसं कुंपणाशी उभी राहायची. त्यातूनच त्यांचं नाव पडलं, पडा मास्तर.

आमचे आबा एकदा शाळेत तक्रार घेऊन गेले. "मास्तर, पडाले शिकवाले शाळा कायले पाह्यजे? आमचा पोरगा त घरी बी पडते."

सर हात जोडून म्हणाले, "पडतो हो भाऊ, पण चुकीचा पडतो."

आबा तसेच परत फिरले. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला ओसरीवर पडून दाखवायला लावलं. मी दाखवलं. "बरं हाये," म्हणाले आणि गाईला चारा टाकायला गेले.

सर स्वतः तरुणपणी पोलीस भरतीला तीनदा गेले होते. तिन्ही वेळा छाती अर्ध्या इंचानं कमी भरली. हे ते अगदी कौतुकाच्या आवाजात सांगत. "तिसऱ्या वेळेला छाती तेवढीच, पण मोजणारा ओळखीचा झाला होता."

"मग सर?"

"मग काय, त्यानं चहा पाजला."

"आणि भरती?"

"भरती नाही केलं. पण चहा चांगला होता भाऊ."

खो-खोचा संघ निवडायची त्यांची रीत वेगळीच होती. दुसऱ्या शाळांत निवडलेल्यांची नावं फळ्यावर लागत. आमचे सर न निवडलेल्यांची लावायचे. प्रत्येक नावापुढे कारण आणि त्यापुढे उपाय. निवडलेल्यांबद्दल एक अक्षर नाही. ज्याचं नाव फळ्यावर नाही तो संघात, हे ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "निवडलेल्यांना काय सांगायचं भाऊ? ते खेळतीलच. सांगायचं असतं ते बाकीच्यांना."

माझं नाव पहिल्या वर्षी फळ्यावर होतं. कारण: पळताना मागे बघतो. उपाय: मागचा येणारच आहे, आपण बघितल्यानं तो थांबत नाही.

गावभर ते झालं. दुकानात गेलो की दुकानदार म्हणायचा, "काय, मागून कोन येते?" मी आठ दिवस शाळेतच गेलो नाही. नवव्या दिवशी सर घरी आले. मला वाटलं, समजूत काढतील. ते अंगणात बसून आईच्या हातचं पाणी प्यायले, आबांशी केळीच्या भावाबद्दल बोलले, आणि उठताना मला म्हणाले, "भाऊ, आठ दिवसांत मान किती वेळा वळली?"

"मी पळालोच नाही सर."

"मग आठ दिवस फुकट गेले. उद्या ये." एवढंच. समजूत वगैरे त्यांच्या हातून कधी झाली नाही.

दुसऱ्या वर्षी मी राखीव झालो. तिसऱ्या वर्षी फळ्यावर माझं नाव नव्हतं. मी तीनतीनदा जाऊन पाहिलं, पुसलं तर गेलं नाही ना. जळगावला सामना होता. मी मैदानात उतरलो, मनाशी घोकत होतो, मागे नाही बघायचं, मागे नाही बघायचं. आणि खरंच मागे बघितलं नाही. इतका निश्चय होता की पुढेही बघितलं नाही. सरळ जाऊन खुंटावर आदळलो. अर्ध्या मिनिटात बाद. नाकातून रक्त, आणि प्रेक्षकांत आमचे आबा.

सरांनी आयोडिन लावलं. "भाऊ, मागच्या वेळी मागे बघायचास, आता पुढे बघत नाहीस. तुझी चूक बदलली. प्रगती आहे."

हे ते थट्टेनं म्हणत नव्हते. हेच तर मला कळायला पुढची वीस वर्षं लागली.

आता भरिताचं सांगतो. आमच्याकडे थंडीत वांग्याचं भरीत म्हणजे सणच. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात हातभर वांगी भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात ठेचायची, कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे, आणि बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. इतर ठिकाणी संघ जिंकला की पंगत होते. सरांच्या राज्यात संघ हरला की भरीत. जिंकलो तर ते म्हणायचे, "छान झालं, आता घरी जाऊन आईला सांगा," आणि निघून जायचे. हरलो की मात्र कुणाच्या तरी शेतात जाळ पेटायचा.

नियम एकच. भरीत ठेचायला ज्याची पाळी येईल त्यानं ठेचता ठेचता स्वतःची एक चूक सांगायची. स्वतःची, दुसऱ्याची नाही. जो पंचाला, उन्हाला किंवा मैदानाला दोष देईल त्यानं गरम वांगी सोलायची. आमचा कप्तान मदन, कापडवाल्या मारवाडी शेठचा मुलगा, याला पंचांचा फार राग. "सर, पंच आंधळा होता!" तो म्हणायचा आणि सर वाफाळती वांगी त्याच्यापुढे सरकवायचे. दोन वर्षांत मदनच्या बोटांची सालं इतक्यांदा निघाली की शेवटी तो म्हणू लागला, "पंचाला दिसत होतं सर. मीच पाटीवर बसल्या बसल्या झोपलो होतो." मग त्याला मुसळ मिळायचं.

आणि एका पौषात आम्ही तो प्रकार केला. सावद्याच्या संघाबरोबर सामना होता. तो संघ आमच्यापेक्षा कच्चा. जिंकणार हे नक्की. पण वांगी अशी काही धरली होती, थंडी अशी काही पडली होती, की सामन्याच्या आदल्या दिवशी मदन म्हणाला, "हरायचं का?"

कुणी नाही म्हणालं नाही. मी तर सगळ्यात आधी हो म्हणालो. नाही तरी मी हरणारच होतो, या वेळी निदान ठरवून.

आम्ही हरलो. फार सुंदर हरलो. संध्याकाळी आबांच्या शेतात जाळ पेटला, वांगी भाजली, सोलली. मदननं मुसळ घेतलं आणि ठेचायला लागला. सर म्हणाले, "हं, भाऊ?"

मदन ठेचतच राहिला. "सर... मी..." त्यानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही जाळाकडे पाहिलं. चूकच नव्हती. खोटी सांगायची तर ती सुचायलाही हवी. मुसळ दुसऱ्याकडे गेलं, तिसऱ्याकडे गेलं, माझ्याकडे आलं. नऊ जणांच्या हातून मुसळ फिरलं आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. भरीत मात्र असं मऊ झालं होतं, विचारू नका.

सरांना कळलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते उठले, सायकलवर टांग मारली आणि अंधार पडायच्या आत वेशीबाहेर उतरलेल्या सावद्याच्या संघाला घेऊन आले. त्यांना पंगतीला बसवलं. आम्ही वाढलं. सावद्याचा एक पोरगा तोंड भरून म्हणाला, "सर, आज आम्ही खरंच चांगलं खेळलो ना?"

सर म्हणाले, "तुम्ही चांगलं खेळलात भाऊ. खा."

आम्ही नऊ जण भाकऱ्या घेऊन उभे. त्या पोराच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. नंतर सरांनी याचा एकदाही उल्लेख केला नाही. मुद्दाम हरण्याची ती आमची पहिली आणि शेवटची वेळ. पुढे आम्ही पुष्कळ हरलो, पण कष्टानं.

आता मूळ मुद्दा. सरकारचा कागद आला, की ड्रिल शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे शारीरिक शिक्षणाचा दाखला हवा. नाही तर जूनपासून ती जागा शिकलेल्या माणसाला द्यायची. सरांकडे दाखला नव्हता. दाखला मिळवायला धुळ्याला मे महिन्यात वर्ग भरायचा आणि शेवटी परीक्षा. सर त्या आधीच्या दोन उन्हाळ्यांत जाऊन दोनदा नापास झाले होते, हे आम्हाला माहीतही नव्हतं. आम्हाला वाटायचं, सर मेमध्ये गावी जातात.

हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं. हेडमास्तर भला माणूस, पण कागदाला घाबरायचा. "हा शेवटचा उन्हाळा आहे हो," ते म्हणाले. "जूनमध्ये दाखला नसला तर माझ्या हातात काही नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला मैदानात ओळीनं उभं केलं. वाटलं, पडायला सांगतात. ते म्हणाले, "भाऊ, माझी चूक सांगायची राहिली आहे. मी दोनदा नापास झालो."

मदनचा तर आ वासलेला.

"लेखी पेपर बरा जातो. धावणं, उडी, दोर, सगळं होतं. पण पथकाला हुकूम द्यायचा असतो. मी हुकूम देतो आणि पुढे भाऊ म्हणतो. सावधान भाऊ. पुढे चला रे भाऊ. परीक्षक म्हणाले, हा हुकूम आहे की विनंती? मोजलं त्यांनी. पहिल्या साली अकरा वेळा, गेल्या साली सात वेळा." मग म्हणाले, "प्रगती आहे."

त्या दिवसापासून आम्ही सरांचे मास्तर झालो. रोज शाळा सुटली की ते हुकूम द्यायचे आणि आम्ही पथक. भाऊ ऐकू आलं की कुणीही हलायचं नाही, असा मदनचा नियम. पहिले काही दिवस आम्ही एकाच जागी खांबासारखे उभे होतो.

"सावधान भाऊ!"

कुणी हललं नाही.

"अरे, हला ना रे भाऊ!"

"सर, परत म्हणालात."

"मनी चूक शे," सर कपाळावर हात मारून म्हणायचे. चूक कबूल करताना ते अहिराणीतच शिरत.

सुट्टी लागल्यावर आम्ही पोरं पांगलो. तेव्हा त्यांनी आबांकडून आमच्या केळीच्या बागेत उभं राहायची परवानगी घेतली. पाटाच्या कडेला उभे राहून ते सकाळी त्या ओळींना हुकूम द्यायचे. सावधान! विश्राम! डावीकडे वळ! शेजारच्या मळ्यातल्या बाया काम सोडून बघत. आबा चौथ्या दिवशी म्हणाले, "मास्तर, माह्या केळी सावधानच हायेत. त्याहिले उगी तरास नका देऊ."

"तेच तर बरं आहे भाऊ," सर म्हणाले, "यांच्यापुढे लाज वाटत नाही."

परीक्षेला मी आणि मदन त्यांच्याबरोबर धुळ्याला गेलो. मदनच्या मामांचं तिथे दुकान होतं, राहायची सोय झाली. चाळीसगावला गाडी बदलताना सर फलाटावर ओठ हलवत उभे होते. एक हमाल जवळ येऊन म्हणाला, "काय पाहिजे?" सर म्हणाले, "काही नाही, भाऊ," आणि लगेच जीभ चावली.

मैदान आग्रा रोडला लागून होतं. ऊन असं, की डांबर बुटाला चिकटत होतं. पथक म्हणून गावातली वीस-पंचवीस शाळकरी मुलं आणली होती. परीक्षक उंच, मिशीवाले, लष्करात राहून आलेले. आम्ही कुंपणाबाहेर. सरांचा नंबर आला.

"सावधान!"

मदननं माझं मनगट धरलं. भाऊ आलं नाही.

"विश्राम! सावधान! उजवीकडे वळ!" आवाज असा, की रस्त्यावरचा टांगेवाला थांबला. मी बोटं मोजायला तयार ठेवली होती, एकही मिटावं लागलं नाही. परीक्षकांनी मान हलवून काही लिहिलं. "पुढे चल!" पथक चालू लागलं. डावा, उजवा, डावा, उजवा. आता फक्त थांबवायचं राहिलं होतं. मदन पुटपुटला, "झालं. झालं सर पास."

आणि मधल्या ओळीतला एक मुलगा गुडघ्यात वाकला आणि उन्हात तोंडावर पडला. हात पुढे टाकून, अगदी चुकीचा पडला.

सर धावले. त्याला उचलून आपल्या सावलीत घेतलं, टोपीनं वारा घालू लागले. "काय व्हयनं रे भाऊ? डोळा उघड. पानी आना रे!" परीक्षकही धावले. त्यांनी मुलाचे पाय उचलून धरले, आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. दोघं त्या पोराभोवती गुंतले.

इकडे पथक चालतच होतं. थांब कुणी म्हटलंच नव्हतं. धुळ्याची पोरं शिस्तीची. डावा, उजवा करत ती कुंपणापाशी गेली, उघड्या फाटकातून बाहेर पडली आणि आग्रा रोडनं नाशिकच्या दिशेनं चालू लागली. टांगेवाल्यानं घोडा बाजूला घेतला. मी आणि मदन ओरडत मागे धावलो, "थांबा! थांबा रे!" पण आमचा हुकूम कोण ऐकतो? शेवटी मदन पुढे जाऊन हात पसरून आडवा उभा राहिला आणि पहिली ओळ त्याच्यावर आदळली.

आम्ही पोरांना वळवून आणलं तेव्हा पडलेला मुलगा उठून बसला होता. सगळे हसत होते, तोही. परीक्षकांनी मिशीवरचं पाणी पुसलं, खुर्चीत बसले आणि लिहिलं. हुकुमात नापास. मी पुष्कळ वर्षं त्या माणसावर चिडून होतो. आता वाटतं, त्यानं मुलाचे पाय धरले आणि नंतर गुण दिले, दोन्ही कामं चोख केली.

मामांच्या दुकानात परत येताना मदन रडवेला होऊन म्हणाला, "सर, तो पोरगा पडला म्हणून..."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. तिथे वांगी नव्हती, पण मदन गप्प झाला.

"पोरगा पडला त्यात त्याची काय चूक भाऊ," सर म्हणाले. "मी थांब म्हणायला विसरलो. थांब म्हणायचं आणि मग धावायचं. एक शब्द होता."

जूनमध्ये नवे मास्तर आले. तरुण, ताठ, दाखलेवाले. आम्ही ठरवलं, त्यांच्या तासाला कुणी जायचं नाही. पहिल्याच दिवशी सर स्वतः नव्या मास्तरांना घेऊन मैदानावर आले. कुठे दगड वर येतो, कुठे पाणी साचतं, ते दाखवलं. मग आम्हाला एकेक करून पुढे बोलावलं. "हा मदन. आधी पंचाला नावं ठेवायचा, आता ठेवत नाही. हा आमचा भाऊ, हा खुंटावर आदळतो, पण रोज येतो." झाल्यावर गळ्यातली शिट्टी काढली, रुमालानं पुसली आणि नव्या मास्तरांच्या हातात दिली. बहिष्कार तिथेच मोडला. मी घरी जाऊन जेवलो नाही, आबाही जेवले नाहीत.

सर गावातच राहिले. जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर काम धरलं. येणाऱ्या बैलगाड्यांना "या भाऊ, डाव्या अंगाला लावा" म्हणत. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आईजवळ बोलून दाखवलं, "आता तरी मे महिन्यात घरी राहतील असं वाटलं होतं." कारण सर पुढच्या मेमध्येही धुळ्याला गेले. त्याच्या पुढच्या मेमध्येही. दोन्ही वेळा नापास.

त्या दुसऱ्या मेनंतरच्या जूनमध्ये मी मॅट्रिकला आपटलो. दोन विषय. पेपर वाईट गेले होते, त्यामुळे निकालाआधीच मला आतून माहीत होतं. निकालानंतर तोंड लपवायला मी आबांच्या केळीच्या बागेत जाऊन बसू लागलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून आवाज आला, "सावधान!" मी दचकून उभाच राहिलो.

सर केळीची पानं बाजूला सारत आले. "अरे भाऊ, तू? किती विषय?"

"दोन."

"चूक?"

"पेपर लांब होता सर."

त्यांनी एक वाळकं पान तोडलं, बाजूला ठेवलं. मग मीच म्हणालो, "गणिताला मी शेवटचे दोन महिने हातच लावला नाही."

"हं." त्यांनी मान हलवली. मी विचारलं, "सर, तुम्ही आता कशाला येता इथे? परीक्षा झाली, तुमची जागा तर कधीच गेली. पास होऊन करणार काय?"

सर खाली पाटाच्या कडेला बसले. "पहिल्या तीनदा जागेसाठी गेलो भाऊ. आता परीक्षेसाठी जातो. मला ती येत नाही ना अजून." मग उठले आणि चड्डीची माती झटकली. "बरं झालं तू सापडलास. केळींना पाय नाहीत. मला चालणारं माणूस पाहिजे. चल, उभा राहा."

तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत मी एकटा पथक होतो. सकाळी बागेतून डावा-उजवा, पाटापर्यंत गेलो की सरांचा हुकूम, "थांब!" त्यानंतर तासभर ते माझ्याकडून गणितं सोडवून घ्यायचे. त्यांना गणित येत नव्हतं. ते फक्त बसायचे आणि उत्तर चुकलं की म्हणायचे, "परत, भाऊ." ऑक्टोबरात मी निसटता पास झालो. आबांनी पेढे वाटले. त्यातला पहिला सरांना दिला, तर त्यांनी विचारलं, "किती गुणांनी वाचलास?" "दोन." "म्हणजे दोनच गुणांचं काम झालं, उरलेलं अजून बाकी आहे," ते म्हणाले आणि पेढा खाल्ला.

पुढच्या मेमध्ये सर पुन्हा धुळ्याला गेले. मी तेव्हा जूनमध्ये कॉलेज उघडायची वाट बघत घरीच होतो, म्हणून बघायला गेलो. परीक्षक तेच, मिशी पांढरी झालेली. त्यांनी विचारलं, "पुन्हा तुम्ही?" सर म्हणाले, "पुन्हा मीच." त्यानंतर काय घडलं ते घरी सांगताना मी नेहमी अडखळतो, कारण सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. सरांनी हुकूम दिले. पथक वळलं, चाललं. सर म्हणाले, "थांब!" पथक थांबलं. कुणी पडलं नाही, कुणी फाटकातून गेलं नाही. परीक्षकांनी लिहिलं. पास. आयुष्यात मी इतका कंटाळवाणा आणि इतका सुंदर तमाशा पाहिलेला नाही.

मी कुंपणावरून उडी मारून त्यांच्याकडे धावलो. सर घामानं निथळत उभे होते. "झालं का रे?" त्यांनी विचारलं. "झालं सर." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

दाखला तर मिळाला, जागा कुठली? वय झालेलं. पाच-सहा शाळांनी नाही म्हटलं. त्यांची पत्रं सर मला दाखवायचे, जणू लग्नाच्या पत्रिका. शेवटी शिरपूरच्या वर, सातपुड्यात एका आडगावच्या शाळेत जागा निघाली. तिथे कुणी जायला तयार नव्हतं, म्हणून ती रिकामी होती. काकूंनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हातानं ट्रंक भरायला घेतली. मोटार सुटताना सर खिडकीतून म्हणाले, "बघू भाऊ, तिथली पोरं काय म्हणतात."

दोन महिन्यांनी माझ्या कॉलेजच्या वसतिगृहावर त्यांचं कार्ड आलं. अक्षर नेहमीसारखं, उजवीकडे कलंडलेलं. ते कार्ड माझ्याकडे अजून आहे. पुतणीच्या मुलाला परवा तेच वाचून दाखवलं. लिहिलं होतं:

'चि. भाऊ यास अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे खुशाल. येथे शाळेला मैदान नाही, डोंगर आहे. मुले अनवाणी पळतात आणि फार वेगाने पळतात. ओळख व्हावी म्हणून पहिल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर वरच्या देवळापर्यंत शर्यत लावली. मी शेवटचा आलो. माझ्या पुढे पहिलीतली एक मुलगी होती, तिच्या कडेवर तिचा भाऊ होता. अर्ध्या वाटेवर मी दम खात बसलो तेव्हा वर पोचलेली दोन मुले खाली परत आली, माझ्या शेजारी बसली, आणि मी उठलो तसे माझ्याबरोबर चालत वर आली. वाटेत काही बोलली नाहीत. नोकरी उत्तम आहे. उद्या पुन्हा शर्यत आहे.'